मूल कोशिका, वसा ऊतकातील
वसा ऊतकात (चरबीच्या थरात) वसा कोशिकांखेरीज अल्प प्रमाणात मूल कोशिका (ज्यांपासून निरनिराळ्या प्रकारच्या कोशिका तयार होऊ शकतात अशा आद्य पेशी) असतात. त्या विलग करण्याची रीत मुळात वेगळ्याच हेतूने शोधली गेली. मार्टिन रॉडबेल या अमेरिकन जीवरसायनशास्त्रज्ञांना हॉर्मोनांची क्रिया अभ्यासण्यासाठी सुट्या वसा कोशिका हव्या होत्या. १९६४ मध्ये त्यांनी उंदराच्या चरबीतील संयोजी तंतू कोलॅजनेज या एंझाइमाने विरघळविले व मिश्रण केंद्रोत्सारकात (वेगाने फिरवून घटक वेगळे करणाऱ्या यंत्रात) फिरविले. वसा कोशिका वर तरंगल्या. तळाशी बसलेला साका त्यांच्या दृष्टीने गौण होता. मूल कोशिका या साक्यातच असतात.

१९७० नंतरच्या दशकात चरबी शोषून काढण्याची शस्त्रक्रिया रूढ होऊ लागली आणि मानवी चरबी विपुल मिळू लागली. २००१ मध्ये पॅट्रिशिया झुक व त्यांच्या सहकाऱ्यांनी लॉस अँजेल्स येथे अशा चरबीवर ०·०७५% कोलॅजनेजाची ३७° से. तापमानाला ३० मिनिटे प्रक्रिया केली. साक्यातील तांबड्या कोशिका अमोनियम क्लोराइडाने फोडून उरलेला भाग गाळला व संवर्धनपात्रात ठेवला. पात्राच्या तळाला चिकटून वाढलेल्या कोशिकांपासून अस्थी, उपास्थी, स्नायू व वसा यांच्या कोशिका घडविता आल्या. एंझाइम टाळून चरबी केवळ यांत्रिक रीतीने घुसळण्याच्या पद्धतीही आहेत. त्यांत कोशिका सामान्यतः कमी मिळतात.

विलग कोशिका शरीराबाहेर वाढविता आल्या नाहीत, तर त्यांची ओळख पटविणे कठीण. ऊतक संवर्धनाचे हे तंत्र महाराष्ट्रात रुजविण्याचे श्रेय मुख्यतः कमल रणदिवे (१९१७–२००१) यांना जाते. बॉल्टिमोर येथे जॉर्ज गाय यांच्याकडे ते शिकून त्यांनी मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात प्रयोगशाळा उभारली. त्यांचे संशोधन मात्र कर्करोगावर होते, वसा ऊतकावर नव्हे.

ताजा साका म्हणजे शुद्ध मूल कोशिका नव्हेत. त्यात रक्तवाहिन्यांच्या व रक्तातील कोशिकाही असतात, ही गोष्ट उपचारांच्या जाहिरातींत सहसा सांगितली जात नाही. भारतीय वैद्यक संशोधन परिषद व जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्तविकारांसारख्या मान्य कारणांसाठी केलेले रक्तजनक मूल कोशिकांचे रोपण वगळता मूल कोशिकांचा रुग्णांवरील वापर रीतसर मंजुरी घेतलेल्या चिकित्सालयीन परीक्षणातच करता येतो. वसा ऊतकातील मूल कोशिकांनाही हाच नियम लागू आहे.