बार्डोलीची ज्वारी, ओंटारिओची दारू

दिल्लीने २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यातले दंड भरमसाट वाढवले, तरी रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळणेश्वरच्या घाटीत विनाहेल्मेट गाडी हाकणाऱ्याला पावती मिळत राहिली जुन्याच दराची. राज्याचे तेव्हाचे परिवहनमंत्री दिवाकर रावते यांनी फेरविचार मागितला होता. तडजोड शुल्काची, म्हणजे जागच्या जागी भरायच्या दंडाची, अधिसूचना राज्याने काढायची असते. महाराष्ट्राने ती काढली थेट डिसेंबर २०२१ मध्ये. ही झाली चालढकल. उघड विरोधी कायदाच करायचा, तर संविधानाचे कलम २५४(२) लागते: समवर्ती सूचीतल्या विषयावर राज्याचा कायदा केंद्राशी विसंगत असला, तरी राष्ट्रपतींची संमती मिळाल्यास त्या राज्यात तोच चालतो. संघटित गुन्हेगारीविरुद्धचा महाराष्ट्राचा मकोका (१९९९) अशाच संमतीने आला.

या कलमाचे मूळ कुणी अमेरिकेत शोधेल. तिथे साउथ कॅरोलिना राज्याने १८३२ मध्ये संघराज्याची जकात झुगारली, अध्यक्ष जॅक्सन यांनी डोळे वटारले, तडजोड झाली. पण तिथे कोणी परवानगी मागितली नव्हती.

मला धागा सापडला तो ज्वारीच्या खटल्यात. जीवनावश्यक पुरवठ्याचा केंद्रीय कायदा १९४६ चा. मुंबई प्रांताने १९४७ मध्ये गव्हर्नर-जनरलची संमती घेऊन कमाल शिक्षा तीन वर्षांवरून सातवर नेली. पुढे परवान्याविना ज्वारी नेल्याबद्दल झवेरभाई अमाईदास यांना बार्डोलीच्या मॅजिस्ट्रेटने शिक्षा केली. त्यांचा युक्तिवाद अजब होता: मला प्रांताचा कडक कायदाच लावा! कारण सात वर्षांचा गुन्हा मॅजिस्ट्रेटच्या कक्षेबाहेरचा, मग खटलाच बाद. १९५४ मध्ये सुप्रीम कोर्टाने हा डाव मोडला. १९५० मध्ये संसदेने शिक्षेची नवी घडी बसवली, तेव्हाच मुंबईची दुरुस्ती निष्प्रभ झाली होती.

निकालात न्या. वेंकटराम अय्यर यांनी आधार घेतला कॅनडातल्या ओंटारिओच्या दारूबंदीच्या वादाचा! तिथे १८९६ मध्ये प्रिव्ही कौन्सिलचे लॉर्ड वॉटसन म्हणाले होते: केंद्राचा कायदा प्रांतिक कायद्यावर मात करील, पण तो कायदा थेट रद्द करण्याचा अधिकार केंद्राला नाही. भारतातही १९३५ च्या भारत सरकार कायद्याच्या कलम १०७(२) खाली, म्हणजे २५४(२) च्या पूर्वरूपाखाली, हीच स्थिती दिसते, असे कोर्टाचे मत. संविधानाने २५४(२) ला परंतुक जोडून संसदेला रद्द करण्याची मुभाही दिली.

कुणी म्हणेल, समवर्ती सूची ऑस्ट्रेलियाची, तर हे कलमही तिथलेच. सूचीपुरते कबूल. पण ऑस्ट्रेलियाच्या कलम १०९ मध्ये विसंगत राज्य-कायदा तेवढ्यापुरता पडतोच. संमतीची खिडकी नाही. ती, माझ्या मते, साम्राज्याची सवय: प्रांताला कायदे करू द्यावेत, लगाम मात्र गव्हर्नर-जनरलच्या हाती. पुढे त्या जागी राष्ट्रपती आले, आणि ते चालतात केंद्रीय मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने. म्हणजे ज्याला नकार द्यायचा, त्याचीच आधी संमती. आणि ती मिळाल्यावरही संसद वाटेल तेव्हा तो नकार मोडीत काढणार. साउथ कॅरोलिनाच्या पुढाऱ्यांनी याला नकार म्हटलेच नसते. अर्ज म्हटले असते.