परवाना देणारी तू कोण?

डोंबिवली ते ठाणे लोकलमध्ये मी मोबाईलवर 'महाराष्ट्र सारस्वत'चं स्कॅन चाळत होते. प्रत्येक पानावर तिरका वॉटरमार्क, तळाशी 'सर्व हक्क राखीव'. माझा विषय जुन्या मराठीचं संगणकीय विश्लेषण. या पुस्तकाचा मजकूर टाइप करून खुल्या परवान्याखाली सगळ्यांना द्यायचा, असं मी ठरवलं होतं. गाईडनी एकच विचारलं, "परवाना देणारी तू कोण?"

पुस्तक वि. ल. भावे यांचं. विज्ञानाचे पदवीधर, म्हणजे आपल्यातलेच! 1893 मध्ये ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय सुरू करण्यात त्यांचा पुढाकार होता, तेव्हा ते जेमतेम विशीतले होते. 1903 मध्ये त्यांनी 'महाराष्ट्र कवि' मासिक काढलं आणि जुनी कविता छापायला घेतली. कवी जाऊन शतकं लोटलेली, त्यामुळे कायद्याने त्या कवितेला मालक नव्हता. पण पोथी ज्याच्या घरात किंवा मठात, त्याने बासन सोडलं तरच ती दिसायची. महानुभावांचे ग्रंथ तर सांकेतिक लिपीत होते. आजच्या भाषेत एन्क्रिप्शनच म्हणा ना. राजवाडे-भावे यांच्या पिढीने ती लिपी उलगडली, तेव्हा कुठे ते साहित्य बाहेर आलं. ग्रंथ कुणाच्या ताब्यात आहे आणि त्यावर हक्क कुणाचा आहे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वेबसाइटवर आपण नेमकी इथेच गल्लत करतो.

आता हिशोब करू. भावे 1926 मध्ये गेले. तेव्हाची मुदत लेखकाच्या मृत्यूनंतर 50 वर्षांची, म्हणजे त्यांचा मजकूर 1 जानेवारी 1977 पासून मोकळा. पुढे 1992 मध्ये मुदत 60 वर्षं झाली, पण जे मोकळं झालं होतं ते परत बंद झालं नाही. मात्र नंतरच्या आवृत्त्यांना शं. गो. तुळपुळे यांची पुरवणी आहे. तुळपुळे 1994 मध्ये गेले. ती पुरवणी 2054 संपेपर्यंत बंद! एकाच पुठ्ठ्यात दोन वेगळे हक्क. मी मात्र अख्खं पुस्तक 'जुनं' समजून बसले होते.

आणि स्कॅन? 2007 चा ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध मोडक हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल जरूर वाचा. न्यायालयाने सांगितलं की निकालपत्रांचा मूळ मजकूर सगळ्यांचा. नुसते कष्ट आणि पैसा ओतून त्यावर नवा हक्क तयार होत नाही, थोडी तरी सर्जनशीलता आणि निर्णयबुद्धी लागते. प्रकाशकाने स्वतः पाडलेल्या परिच्छेदांना मात्र संरक्षण मिळालं. माझ्या मते यंत्रावर पान ठेवून बटण दाबण्यात तेवढी सर्जनशीलता नाही. (साइटवर लॉगिन करताना मान्य केलेल्या अटी हा वेगळा करार असतो, त्या वाचून घ्या.)

आणखी एक गैरसमज. 'साइट ओपन सोर्सवर चालते, म्हणजे मजकूरही मोकळा.' नाही हो. वर्डप्रेस जीपीएल परवान्याखाली आहे, तो परवाना सॉफ्टवेअरचा. त्यावर टाकलेला लेख लिहिणाऱ्याचाच राहतो. विकिपीडियाचं सॉफ्टवेअर जीपीएल, पण लेखांना क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना वेगळा द्यावा लागला. तोही लिहिणाऱ्यांच्या संमतीवर उभा आहे. मालकाशिवाय कुणी परवाना देऊ शकत नाही, मग तो बंद असो की खुला.

म्हणजे भाव्यांच्या मजकुराला वॉटरमार्कवाले कुलूप लावू शकत नाहीत, आणि मीही त्याला खुला परवाना 'देऊ' शकत नाही. तो आधीच मोकळा आहे. तुळपुळ्यांच्या बाबतीत तर मला काहीच अधिकार नाही.

शेवटी मी तीन फोल्डर केले. भाव्यांच्या मजकुरावर फक्त 'सार्वजनिक अधिक्षेत्र' अशी नोंद. मी केलेल्या व्याकरणाच्या खुणा क्रिएटिव्ह कॉमन्सखाली, कारण त्या माझ्या. प्रोग्राम जीपीएलखाली. पुरवणी डेटासेटमधून काढून टाकली. तिच्यातली दोन वाक्यं प्रबंधात चर्चेसाठी उद्धृत केली आहेत, तेवढी मुभा कलम 52 देतं. गाईडनी यादी पाहिली आणि विचारलं, "मुखपृष्ठाचं चित्र कुणाचं?" ते शोधायला उद्या परत ठाण्याला.