तालीम आणि स्वाध्याय

हिंदुस्थानी संगीताच्या जगात ‘निगुरा’ हा शब्द एके काळी शिवीसारखा वापरला जात असे. ज्याच्या मनगटावर कोणा उस्तादाने गंडा बांधला नाही, ज्याला आपल्या विद्येची वंशावळ सांगता येत नाही, तो कितीही सुरेल गायला तरी बैठकीत त्याचे स्थान खालचेच राही. घरंदाज तालमीवाचून गाणाऱ्याला ‘अताई’ म्हणत, आणि त्या शब्दातही कौतुकापेक्षा हेटाळणीच अधिक असे. अशा वातावरणात स्वतःच्या कानावर आणि चिंतनावर विसंबून एखाद्या कलावंताला आपली कारकीर्द उभी करता येते काय, हा प्रश्न केवळ तात्त्विक नव्हता. तो कित्येकांच्या पोटापाण्याचा आणि प्रतिष्ठेचा प्रश्न होता. माळव्याच्या भूमीने या प्रश्नाची दोन फार मोलाची उत्तरे दिली आहेत.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत गाणे शिकण्याचा मार्ग एकच होता, आणि तो गुरुगृहातून जाई. बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने 1886 साली मौलाबक्षांची गायनशाळा निघाली, 1901 मध्ये विष्णु दिगंबर पलुस्करांनी लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापन केले, आणि 1918 मध्ये पंडित भातखंडे यांच्या मार्गदर्शनाखाली ग्वाल्हेरीस माधव संगीत विद्यालय सुरू झाले. भातखंड्यांनी ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ मराठीत लिहून घराण्यांच्या पेटाऱ्यांत बंद असलेली विद्या ग्रंथालयाच्या कपाटापर्यंत आणून ठेवली. याच सुमारास, 1902 पासून, ग्रामोफोनच्या तबकड्यांनी उस्तादांचा आवाज त्यांच्या परवानगीवाचून घराघरांत पोहोचवला. मागाहून नभोवाणीही आली. ज्याला कोणी समोर बसवून शिकवणार नाही, त्यालाही आता निदान ऐकता तरी येऊ लागले.

इंदूरचे उस्ताद आमीर खाँ (1912–1974) हे या संक्रमणकाळाचे अपत्य होत. त्यांचे वडील शाहमीर खाँ होळकर दरबारी सारंगिये होते. घरी गुणिजनांचा राबता असे, आणि मुलाचे आरंभीचे शिक्षण सारंगीवरच झाले. पण सारंगियाच्या मुलाने ख्यालगायक व्हावे, ही गोष्ट त्या काळी सहज मान्य होणारी नव्हती. साथीदार आणि गायक यांच्यामध्ये मानाची एक भिंत उभी होती, आणि मोठे गवई आपली खास विद्या भिंतीपलीकडच्या मुलाच्या हाती सहसा देत नसत. शाहमीर खाँनी मुलाला गळ्याच्या तालमीकडे वळवले आणि त्याच्याकडून मेरुखंडाचा अभ्यास करून घेतला. मेरुखंड म्हणजे स्वरांच्या क्रमांची पद्धतशीर उलटापालट. तीन स्वरांचे सहा, चार स्वरांचे चोवीस, असे करीत सात स्वरांचे 5040 क्रम होतात. यांतून कोरडे गणितही निष्पन्न होते आणि रागाचा अथांग विस्तारही. काय निष्पन्न व्हावे हे मात्र गाणाऱ्याच्या प्रज्ञेवर अवलंबून असते.

पुढची वाट त्यांची त्यांनाच शोधावी लागली. किराण्याचे अब्दुल वहीद खाँ, देवासचे रजबअली खाँ आणि भेंडीबाजारचे अमान अली खाँ या तिघांच्या गायकीचा त्यांच्यावर खोल ठसा उमटला. पण तिघांपैकी कोणाचेही ते रीतसर गंडाबंद शागीर्द नव्हते. वहीद खाँची अतिविलंबित बढत, रजबअलींची पेचदार तान आणि अमान अलींची सरगम त्यांनी ऐकून, पारखून आणि वर्षानुवर्षे घोळवून आत्मसात केली.

या मार्गाची किंमतही त्यांनी मोजली. 1934 च्या सुमारास ते मुंबईस गेले. काही बैठकी झाल्या, तबकड्याही निघाल्या. परंतु नाव झाले नाही. 1936 मध्ये ते रायगडचे राजे चक्रधरसिंह यांच्या आश्रयास गेले आणि त्यांच्या वतीने मिर्झापूरच्या संगीत परिषदेत गायले. तेथे श्रोत्यांनी त्यांना थोड्याच वेळात उठवले. संयोजकांनी ठुमरी गाण्याचे सुचवले असता त्यांनी नकार दिला. ज्याच्या पाठीशी घराण्याचे छत्र नाही, त्याचे अपयश झाकणारेही कोणी नसते. तरीही आपली संथ, अंतर्मुख गायकी त्यांनी सोडली नाही.

पुढे 1952 च्या ‘बैजू बावरा’ चित्रपटात तानसेनासाठी आमीर खाँचा, तर बैजूसाठी द. वि. पलुस्करांचा आवाज योजला गेला. एक विष्णु दिगंबरांचे चिरंजीव, शिस्तबद्ध विद्यालयीन परंपरेचे फळ. दुसरे स्वतःच्या हाताने घडलेले. ती जुगलबंदी लक्षावधी श्रोत्यांनी ऐकली, आणि दोहोंपैकी कोणाचे शिक्षण कोणत्या मार्गाने झाले हा प्रश्न तेथे कोणालाही पडला नाही. 1967 मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि 1971 मध्ये पद्मभूषण त्यांना मिळाले. ज्यांना घराणे नव्हते त्यांच्या नावाने रसिक ‘इंदूर घराणे’ म्हणू लागले.

दुसरे उदाहरण कुमार गंधर्वांचे. बेळगावनजीकच्या सुळेभावी येथे 1924 मध्ये जन्मलेले शिवपुत्र कोमकळी बालवयातच थोर गायकांच्या तबकड्या हुबेहूब गाऊन दाखवीत. श्रोते थक्क होत. परंतु ती नक्कल होती. नकलेतून गाण्याकडे त्यांना नेले ते मुंबईच्या प्रा. बा. र. देवधरांनी. त्यांच्या विद्यालयात सर्व घराण्यांच्या गवयांची ये-जा असे आणि ‘का’ हा प्रश्न विचारण्याची मुभा असे. पुढे क्षयाने ग्रासलेले कुमार 1948 मध्ये देवासला आले. काही वर्षे गाणे बंद होते. अंथरुणावर पडल्या पडल्या माळव्यातील स्त्रियांची लोकगीते त्यांच्या कानी पडत राहिली. रागांचे बीज या धुनांत आहे, हे त्यांना कोणा गुरूने सांगितले नव्हते. 1953 मध्ये ते पुन्हा गाऊ लागले तेव्हा त्यांच्याजवळ एक फुप्फुस जायबंदी झालेले शरीर आणि सर्वस्वी नवी दृष्टी होती. 1965 मध्ये प्रसिद्ध झालेला ‘अनूपरागविलास’ हा त्या स्वाध्यायाचा लेखी पुरावा होय.

तथापि दुसरी बाजूही तितकीच बळकट आहे. अब्दुल करीम खाँची तबकडी ऐकून गदगच्या भीमसेन जोशींनी 1933 मध्ये घर सोडले आणि ते ग्वाल्हेरपर्यंत गेले. पण तबकडीने तहान लावली, ती भागली कुंदगोळास सवाई गंधर्वांच्या दारी. गोव्याच्या केसरबाई केरकरांनी अनेकांकडे तुटक तुटक शिक्षण घेतले होते. परंतु 1921 पासून अल्लादिया खाँची दीर्घ तालीम लाभल्यावरच त्यांच्या गाण्याला अखेरचे रूप आले. तीन मिनिटांची तबकडी गाण्याचा कळस दाखवते, पायरी दाखवत नाही. ती ऐकवते, पण ऐकत नाही. शिष्याचा स्वर कोठे ढळला हे सांगायला समोर जिवंत माणूसच लागतो.

आमीर खाँ आणि कुमार गंधर्व यांची उदाहरणे नीट पाहिली तर तीही याला अपवाद नाहीत. एकाला वडिलांनी पाया घालून दिला, दुसऱ्याला देवधरांनी. दोघांचे स्वयंशिक्षण त्या पायावरच उभे राहिले. म्हणून तालमीवाचून कारकीर्द घडते असा निष्कर्ष यांतून काढणे घाईचे होईल. निष्कर्ष निघतो तो वेगळा: तालीम गवई घडवते, पण त्याची गायकी त्याला स्वतःलाच घडवावी लागते. आणि ज्यांना दारे बंद होती, त्यांच्या बाबतीत स्वयंशिक्षण ही हौस नव्हती. तो नाइलाज होता. त्या नाइलाजातून आमीर खाँनी जे निर्माण केले, ते पुढे त्यांच्यासमोर कधीही न बसलेल्या गायकवादकांनीही ऐकून उचलले. जी विद्या त्यांना भिंतीआडून मिळवावी लागली, ती त्यांच्यानंतर भिंतीवाचून वाटली गेली.

ग्रंथालयाच्या कपाटातील भातखंड्यांच्या पोथ्यांनी आजवर कोणाला गवई केले असेल-नसेल. परंतु दार बंद असलेल्या कित्येकांना आत काय आहे हे त्यांनी निश्चित सांगितले. पुढचे पाऊल ज्याचे त्यानेच टाकायचे असते.