सुरात लावलेली नळी

गॅरेजात 'जरा ट्यूनिंग करून द्या' म्हटलं की आपला मेकॅनिक कार्बोरेटरचा स्क्रू अर्धा आटा इकडे, पाव आटा तिकडे फिरवतो, रेस देऊन कान लावतो आणि पैसे घेतो. ट्यून म्हणजे सूर, हे त्या व्यवहारात कुणाच्या मनातही येत नाही. जुन्या लॅम्ब्रेटा स्कूटरचं इंजिन वेगासाठी नव्याने बांधणाऱ्यांच्या बाबतीत मात्र तो शब्द अक्षरशः खरा आहे. त्यांना सूर लावायचा असतो सायलेंसरच्या नळीत.

लॅम्ब्रेटा 1947 साली मिलानच्या लांब्राते भागातल्या इनोचेंती कारखान्यातून बाहेर पडली. व्हेस्पाशी तिची भाऊबंदकी पहिल्यापासूनची. 1951 च्या फेब्रुवारीत रोम-ओस्तिया रस्त्यावर व्हेस्पाने ताशी 171 किलोमीटर गाठले, तर ऑगस्टमध्ये म्यूनिक-इंगोल्श्टाट महामार्गावर रोमोलो फेरीने लॅम्ब्रेटा 201 वर नेली. दोन्ही 125 सीसीच्या! पण फेरीच्या इंजिनात हवा कॉम्प्रेसरने कोंबलेली होती. त्याला दांडगाई म्हणावं, सूर नव्हे.

सूर सापडला तो पूर्व जर्मनीत. लॅम्ब्रेटासारख्या टू-स्ट्रोक इंजिनाची खोड अशी, की जळका धूर बाहेर जायची वाट आणि ताजं मिश्रण आत यायची वाट काही क्षण एकदमच उघडी असते. त्यामुळे धुराच्या मागोमाग थोडं ताजं पेट्रोलही न जळताच निघून जातं. त्शोपाउच्या एमझेड या मोटरसायकल कारखान्यातला वाल्टर काडन या गळतीच्या मागे लागला. त्याने कल्पना अशी वापरली: धुराचा दणका नळीत दाबाची लाट होऊन धावतो. नळी हळूहळू रुंद होत गेली, तर उलट दिशेला ओढ येते आणि सिलिंडर साफ होतो. पुढे नळी पुन्हा निमुळती झाली, की तीच लाट आपटून मागे फिरते आणि बाहेर निसटलेलं मिश्रण वाट बंद होण्याआधी आत ढकलते. पोट फुगलेल्या त्या नळीत एकही हलता भाग नाही. सगळा हिशेब लांबीचा आणि वेळेचा, बासरीच्या भोकांसारखा. म्हणूनच ही नळी ठरावीक वेगालाच 'बोलते'. त्याखाली इंजिन मरगळलेलं असतं, आणि मग एकाएकी मागून कुणीतरी ढकलल्यासारखी गाडी उसळते.

1961 मध्ये काडनच्या 125 सीसी इंजिनाने कॉम्प्रेसरशिवाय 25 अश्वशक्ती दिली. त्याच वर्षी स्वीडनमधल्या शर्यतीनंतर त्याचा स्वार एर्न्स्ट डेग्नर देश सोडून पळाला आणि सुझुकीला जाऊन मिळाला. दुसऱ्याच वर्षी 50 सीसीचं जगज्जेतेपद सुझुकीकडे होतं. एका माणसाच्या डोक्यातून कारखान्याची विद्या सीमेपलीकडे गेली. घराणं सोडून गेलेला शिष्य गुरूची चीज दुसऱ्या मैफलीत गातो, तसंच हे.

जपानी मोटरसायकलींबरोबर ही नळी जगभर पोचली आणि ब्रिटनमधल्या स्कूटरवेड्यांनी ती उचलली. तिथे वॉटफर्डचा आर्थर फ्रान्सिस साठच्या दशकातच लॅम्ब्रेटा वेगवान करून विकत होता. ऐंशीच्या दशकात टीएस-वन नावाचा सिलिंडर आला. त्यात मूळचा 66 मिलिमीटरचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, 70 वर गेला होता, आणि आत येणाऱ्या मिश्रणाच्या वाटेवर रीड बसवली होती. पातळ पत्ती, हवा आत घेणारी, उलटी जाऊ न देणारी. पेटीतल्या रीडचंच हे भावंड. ही गात नाही एवढंच. मोठा कार्बोरेटर आणि फुगीर नळी जोडली, की मूळच्या बारा-एक अश्वशक्तीची गाडी दुपटीच्या घरात जाते.

आता गंमत. इटलीत लॅम्ब्रेटा बंद पडली तेव्हा तिची यंत्रसामग्री भारत सरकारच्या स्कूटर्स इंडियाने घेतली आणि लखनऊला नेली. तिथे बनलेल्या लॅम्ब्रेटा ब्रिटनला निर्यात झाल्या. तेव्हा तिकडच्या बऱ्याच वेगवेड्या इंजिनांचं कवच लखनवी निघतं.

इकडे आकुर्डीची चेतक स्कूटर घेतलेल्या माणसाचा तेव्हा प्रश्न एकच असायचा: 'किती देते?' ॲव्हरेज घसरलं की सायलेंसर उतरवायचा, रॉकेल ओतून पेटवायचा आणि साचलेला कार्बन ठोकून झाडायचा. नळीकडे लक्ष आपलंही होतंच.