जाकिटाच्या आतला नंबर

चबुआ, डूमडूमा, मोहनबारी, जोरहाट ही नावे आसामात नोकरीनिमित्त आलेल्या आपल्या मराठी मंडळींना चांगली परिचयाची आहेत. पण दुसऱ्या महायुद्धात हीच नावे अमेरिकेतल्या हजारो घरांत पत्रांतून पोहोचली होती, हे फारसे कुणाला ठाऊक नसते.

१९४२ साली जपानने ब्रह्मदेश घेतला आणि चीनला माल नेण्याचा रस्ता तुटला. तेव्हा अमेरिकेने आसामातून डोंगररांगा ओलांडून विमानाने माल पोहोचवायला सुरुवात केली. वैमानिक या मार्गाला 'हम्प', म्हणजे वशिंड, म्हणत. १९४५ पर्यंत या मार्गाने सुमारे साडेसहा लाख टन माल गेला. त्यासाठी सुमारे ६०० विमाने पडली आणि १,६०० हून अधिक माणसे मृत वा बेपत्ता झाली. या कामात रेल्वेचाही वाटा होता. मार्च १९४४ मध्ये कटिहार ते लेडो हा ८०४ मैलांचा मीटर गेज मार्ग अमेरिकन लष्करी रेल्वेने चालवायला घेतला, तो याच धावपळीसाठी.

त्या वैमानिकांचे कपडे आज जगभरचे संग्राहक शोधत असतात. त्यात सर्वांत प्रसिद्ध म्हणजे १९३१ साली ठरवलेले 'ए-२' हे चामड्याचे जाकीट. ते बहुधा घोड्याच्या कातड्याचे असे. कमरेला व मनगटाला विणलेली पट्टी आणि पुढे चेन. चिनी आघाडीवरच्या वैमानिकांच्या पाठीवर रेशमी कापडाचा एक तुकडाही शिवलेला असे. त्यावर चीनचा झेंडा आणि चिनी लिपीत विनंती असे, की हा परदेशी माणूस मदतीला आला आहे, त्याला वाचवा. काहींनी तो अस्तराला आतून शिवून घेतला. पुढे एकाच कापडावर अनेक भाषांत अशी विनंती छापली गेली. भारतात तयार झालेली, जरीकाम किंवा चामड्याची खांद्यावरची चिन्हे हीदेखील या जाकिटांची खास ओळख.

नुसत्या जुन्या जाकिटाला एक किंमत असते. ते कुणाचे होते हे ठाऊक असले की त्याचे मोल वेगळेच. छातीवर नावाची चामडी पट्टी असते, पण ती बदलता येते. म्हणून जाणकार आतला धोबीनंबर पाहतात. अमेरिकन सैनिकाच्या आडनावाचे पहिले अक्षर आणि त्याच्या लष्करी क्रमांकाचे शेवटचे चार आकडे, असा तो असतो. १९४३ पासून बेपत्ता विमानांचे अहवाल ठेवले गेले; त्यांत माणसांची नावे व क्रमांक आहेत. दोन्हींचा मेळ बसला की जाकिटाला धनी मिळतो.

या नंबराचे महत्त्व आणखी एका कारणाने वाढले. जुलै १९७३ मध्ये सेंट लुईस येथील सरकारी दप्तरखान्याला आग लागली. १९१२ ते १९६० या काळात सेवेतून मुक्त झालेल्या अमेरिकन भूदलाच्या लोकांच्या सुमारे ८० टक्के सेवापुस्तिका जळाल्या. महायुद्धातले वैमानिकही तेव्हा भूदलातच मोडत. सेवापुस्तिका हरवली तर कर्मचाऱ्याचे काय होते, हे रेल्वेवाल्यांना सांगायला नको! अशा वेळी अस्तरावरचे चार आकडेही पुरावा ठरतात.

जिथे मोल आहे तिथे नक्कल आलीच. जुन्या जाकिटावर नवे चित्र काढून ते शूर वैमानिकाचे म्हणून विकले जाते. तपासणी सोपी आहे. चित्र जुने असेल तर चामड्याच्या भेगा रंगालाही फोडून जातात. रंग भेगांच्या आत उतरला असेल तर तो नंतर लावलेला. युद्धानंतरचे बरेच धागे अतिनील दिव्याखाली चमकतात. मूळ सुती धागा सहसा चमकत नाही.

पण काही वस्तू संग्रहात जाऊच नयेत, असे माझे मत आहे. २५ जानेवारी १९४४ रोजी चीनहून चबुआकडे येणारे 'हॉट ॲज हेल' नावाचे बी-२४ विमान आठ जणांसह नाहीसे झाले. त्याचे अवशेष २००६ साली अरुणाचलच्या डोंगरात सापडले. २०१६ मध्ये तिथले मानवी अवशेष दिल्लीहून अमेरिकेला पाठवण्यात आले. त्यांतून लेफ्टनंट रॉबर्ट ऑक्सफर्ड यांची ओळख पटली आणि २०१७ साली, ७३ वर्षांनी, जॉर्जियातल्या त्यांच्या गावी अंत्यसंस्कार झाले. तिथला एखादा बिल्ला वा कपड्याचा तुकडा कुणी उचलून बाजारात नेला, तर एका कुटुंबाचा पुरावाच हरवतो.

अपघातस्थळी मोजमापे होऊन जॉइंट नोटवर सह्या झाल्याशिवाय आपण साधी फिशप्लेटही हलवत नाही. तोच नियम इथे लावावा. डोंगरात फिरायला जाणाऱ्या आपल्या मंडळींना असे काही दिसले, तर फोटो काढावा, नंबर टिपावा, जागा लिहून घ्यावी आणि प्रशासनाला कळवावे. वस्तू मात्र तिथेच राहू द्यावी. तिची वाट पाहणारे कुणीतरी अजूनही असू शकते.