बाटलीवरचे नाव आणि मोहाचे झाड

दक्षिण अमेरिकेतील चिली आणि आर्जेन्टिना या देशांची द्राक्षमदिरा आज जगभर जाते. तिच्या बाटल्यांवर पुष्कळदा तेथील मूळच्या लोकांच्या भाषेतला एखादा शब्द असतो, त्यांच्या विणकामातली नक्षी असते. घेणाऱ्यास वाटते की, त्या लोकांची पिढीजात वस्तूच आपल्या हाती आली. इतिहास तसे सांगत नाही. द्राक्षाचा वेल त्या खंडात सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी नेला. पाद्र्यांना उपासनेसाठी मदिरा लागे हे एक कारण, आणि बरोबरच्या मंडळींना प्यावयास लागे हे दुसरे. मूळच्या लोकांचे पेय निराळे होते. अँडीज पर्वतातील इंका लोक मक्याची ‘चिचा’ करीत, देवाला व पितरांना ती वाहत आणि मग स्वतः घेत. म्हणजे पेय एकाचे, आणि नाव दुसऱ्याचे, असा हा प्रकार झाला.

मात्र एक गोष्ट त्या मूळच्या लोकांची त्या बाटलीत खरोखरच आहे. आर्जेन्टिनातील मेन्दोसा हा द्राक्षांचा मोठा प्रांत मुळात कोरडा. पर्वतावरचे वितळलेल्या बर्फाचे पाणी पाटांनी आणल्यावाचून तेथे वेल जगावयाचा नाही. ते पाट खणण्याची विद्या वार्पे नावाच्या लोकांची होती, आणि स्पॅनिश आले त्यापूर्वीच ते पाट वाहत होते. नक्षी बाटलीवर छापली जाते. पाट कोणी खणले ते कोणी छापत नाही.

श्रोतेहो, आम्ही कामगार चळवळीतले. मदिरेचे शास्त्र आमचा विषय नव्हे, आणि तिची चव हा तर मुळीच नव्हे. परंतु वस्तू कोणाच्या हातची आणि नाव कोणाचे, हा प्रश्न सातपूर-अंबडच्या कारखान्यांच्या दारांत आम्हांला रोज पडतो. तोच प्रश्न घेऊन आपण आपल्या जिल्ह्यात उतरू.

महाराष्ट्रात आधुनिक पद्धतीची मदिरा प्रथम नावारूपास आली ती पुणे जिल्ह्यात नारायणगावी, श्यामराव चौगुले यांच्या खटपटीने, १९८० नंतरच्या दशकात. नाशकात राजीव सामंत यांनी गंगापूर धरणाजवळ १९९७ साली वेल लावले, १९९९ साली कंपनी काढली आणि २००० साली त्यांची मदिरा बाजारात आली. आईच्या सुलभा या नावावरून त्यांनी ‘सुला’ हे नाव घेतले, हे आम्हांस आवडले. २०२२ च्या डिसेंबरात त्या कंपनीचे भाग शेअरबाजारात आले. मध्यंतरी २००१ साली सरकारने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले. अबकारी करात सवलत दिली, विंचूरला मदिरेसाठी स्वतंत्र औद्योगिक वसाहत काढली. शेतकऱ्याच्या मालाला दुसरी वाट मिळावी हा हेतू वाईट म्हणवत नाही.

या कंपनीच्या एका तांबड्या मदिरेवर ‘दिंडोरी’ असे नाव आहे. दिंडोरी म्हणजे विधानसभेला आदिवासींसाठी राखीव असलेला मतदारसंघ. पश्चिमेला सरकले की पेठ, सुरगाणा. महादेव कोळी, कोकणा, वारली यांची वस्ती. या लोकांचेही एक पेय आहे, आणि त्याचा इतिहास द्राक्षाच्या इतिहासाच्या नेमका उलट गेला.

मोहाचे फूल चैत्रात पहाटे गळते. बायका-मुले झाडाखालची जागा आधी झाडून ठेवतात आणि उजाडताच टोपल्या भरतात. फूल उन्हात वाळवले की तपकिरी होऊन सुरकुतते. मनुका आणि वाळलेले मोहफूल शेजारी ठेवली तर शहरातला माणूस क्षणभर फसेल. त्याच्या वजनात निम्म्याहून अधिक साखर असते. ते भाजून खातात, शिजवून खातात, दुष्काळात पोट त्यावर काढतात. बियांचे तेल गाळतात. आणि फूल चार-सहा दिवस पाण्यात आंबवून, मडक्यावर मडके ठेवून, नळीने वाफ थंड करून दारूही काढतात. ‘पहिल्या धारेची’ हा शब्द आपण शहरात कौतुकाने कशालाही लावतो. तो या भट्टीवरून आला. लग्नात, पेरणीत, मयतात तिचे चार थेंब आधी जमिनीवर शिंपडावयाचे, पितरांना द्यावयाचे, मग माणसांनी घ्यावयाची. अँडीजमधल्या चिचेची रीतही हीच होती, हे ऐकून आम्हांला नवल वाटले आणि वाटलेही नाही.

१८७८ साली मुंबई इलाख्यात अबकारी कायदा झाला. पेठचे संस्थान खालसा होऊन इंग्रजांकडे आले तेही त्याच साली. घरी दारू गाळणे हा गुन्हा ठरला. दारू गाळावयाची ती सरकारी देखरेखीखालच्या मोठ्या भट्टीत, विकावयाची ती मक्तेदाराने, आणि कर सरकारच्या तिजोरीत. कोकणपट्टीत ताडाच्या एकेका झाडावर कर बसला. पुढे सरकारला फुलाचाच धाक वाटू लागला. फूल घरात असेल तर दारू होणारच, म्हणून फूलच ठेवू द्यावयाचे नाही! १८८२ साली असा कायदा मुंबई सरकारने पुढे आणला, तो वरच्या सरकारने नामंजूर केला. दहा वर्षांनी, १८९२ साली, तो झालाच, आणि ठाणे व कुलाबा या जिल्ह्यांत मोहाची फुले बाळगणे परवान्यावाचून बंद झाले. जंगलात आपोआप गळणारे फूल वेचणे हा अपराध ठरवणारा कायदा जगात आणखी कोठे झाला असल्यास आमच्या वाचनात नाही. त्याच काळी उरणला पारशी मालकांच्या भट्ट्या धडाक्याने चालत होत्या, आणि मोहाची फुले दूरदूरहून आगगाडीने त्यांना येत होती. मोह वाईट असता तर त्या भट्ट्या चालत्या ना. वाईट ठरला तो घरचा मोह.

आता याची दुसरी बाजू सांगितली पाहिजे. ती गाळली तर आम्ही अर्धेच बोललो असे होईल. घरची दारू गेली, दुकानाची आली. दुकानात उधारी, उधारीत जमीन, जमिनीनंतर वेठ. मक्तेदारच सावकार आणि सावकारच जमीनदार, असा फास अनेक ठिकाणी बसला. १९२२ साली पालघरच्या किनाऱ्याकडून एक देवी निघाली. ती माणसांच्या अंगात येई आणि बोले: दारू-ताडी सोडा, मांसमच्छी सोडा, स्वच्छ राहा, पारशाच्या कामाला जाऊ नका. जव्हार, सुरगाणा, डांग, धरमपूर असा डोंगरपट्टा ओलांडीत ती त्याच वर्षी नोव्हेंबरात सुरत जिल्ह्यात पोहोचली. तेथे तिला सलाबाई म्हणत. डेव्हिड हार्डिमन या इतिहासकाराने १९८७ साली तिच्यावर पुस्तक लिहिले, ते मिळाल्यास अवश्य वाचावे. शहाण्या लोकांनी तिला अंगात येण्याचे खूळ म्हटले. आम्हांला तो संप दिसतो. पुढारी नाही, वर्गणी नाही, पत्रक नाही, आणि दुकाने ओस पडली! पुढे ठिकठिकाणी दारू पुन्हा सुरू झाली हेही खरे; पण काय प्यावयाचे आणि काय नाही हे आपण ठरवू, असे त्या लोकांनी एकदा सरकारला आणि मक्तेदाराला दाखवून दिले होते. आज गावोगावच्या बाया मतदानाने दुकानाची बाटली आडवी करतात, तेव्हा आम्हांला ही देवी आठवते.

स्वराज्य आल्यावर काय झाले? १९४९ चा दारूबंदी कायदा आला, १९५० च्या एप्रिलपासून मुंबई राज्यात संपूर्ण बंदी झाली, १९६० नंतरच्या दशकात ती सैल झाली. सैल झाली ती परवान्याच्या दुकानाला आणि कारखान्याला. मोहाच्या मडक्यावर धाडी चालूच राहिल्या. फुले गोळा करणे, साठवणे, नेणे यांवरचे निर्बंध महाराष्ट्र सरकारने उठवले ते २०२१ साली. द्राक्षाच्या मदिरेला सवलतीचे धोरण २००१ साली मिळाले होते. मोहाच्या नुसत्या फुलाला वीस वर्षे अधिक थांबावे लागले.

चित्राचेही तसेच. वारली लग्नात भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात, त्यात पालघट देवी असते. लिहितात त्या सवाष्णी, आणि धवलेरी गाणी म्हणून लग्न लावते. लग्न उरकले की चित्राचे काम संपले. १९७० नंतर भास्कर कुलकर्णी डहाणूकडे गेले, जिव्या सोमा मशे कागदावर लिहू लागले, आणि ती कला जगात गेली. मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते वारले. वारली चित्रांना २०१४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. आज प्रदर्शनांत रिकाम्या बाटल्या धुऊन, त्यांवर वारली नाच रंगवून दिवाणखान्यासाठी विकतात. काढणारा पुष्कळदा वारली नसतो. आमचा या बाटल्यांवर राग नाही. एखाद्या वारली मुलीने काढलेली असेल तर आम्ही स्वतः घेऊ. परंतु चौकाच्या ज्या भिंतीपुढे लग्नातली दारू शिंपडली जाई ती दारू गुन्हा, आणि भिंतीवरचे चित्र शोभा, ही वाटणी कोणी केली, एवढे विचारावेसे वाटते.

यावर इलाज नाही असे नाही. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेला मादक पदार्थांवर बंदी घालण्याचा किंवा नियमन करण्याचा अधिकार दिला आणि गौण वनोपजाची मालकीही दिली. महाराष्ट्राने त्याचे नियम २०१४ साली केले. मध्य प्रदेशाने २०२२ साली मोहाच्या दारूला ‘हेरिटेज’ म्हणून मान्यता दिली आणि ती गाळण्याचा हक्क आदिवासींच्या बचतगटांपुरता ठेवला. चिलीत मल्लेको खोऱ्यातील मापुचे कुटुंबे स्वतःच्या जमिनीत वेल लावून द्राक्षे एका मोठ्या कंपनीला देतात, आणि त्या मदिरेचे नाव त्यांच्या भाषेत ‘तायू’, म्हणजे ‘आमचे’, असे आहे. यातही किंमत कोण ठरवतो, हे युनियनवाला विचारणारच. पण जमीन त्यांची आहे, हा फरक लहान नाही. जमिनीचाच प्रश्न घेऊन २०१८ च्या मार्चात नाशकाहून मुंबईपर्यंत हजारो माणसे सहा दिवस चालत गेली. वनहक्काचे दावे हे त्यांचे मुख्य मागणे होते, आणि त्यांत सुरगाण्या-पेठेचे लोक फार होते.

हेच लोक निफाड-दिंडोरीच्या मळ्यांत उतरतात. ऑक्टोबरात गोडी छाटणी, मग विरळणी, जानेवारीपासून तोडणी. टोळीने येतात, एकराच्या उक्त्या दराने काम घेतात, मळ्यातच पाल ठोकतात. हजेरीपट बहुधा नसतो, म्हणून भविष्यनिर्वाह निधी नाही आणि औषधफवारणीने डोळे चुरचुरले तर दाद मागावयास कागद नाही. तोडणी संपते आणि एप्रिलात खरड छाटणी निघते. नेमका त्याच दिवसांत वर डोंगरात मोह गळत असतो. फूल उजाडताच वेचले नाही तर गुरे खातात, आणि छाटणीला टोळी वेळेवर गेली नाही तर मुकादम दुसरी बघतो. म्हणून घरातली म्हातारी आणि पोरे मोहाखाली राहतात, आणि धडधाकट नवराबायको कात्री घेऊन खाली येतात.