खेळता खेळता घडलेली अवजारे

शाळेच्या संगणक-खोलीत बहुधा एक सूचना भिंतीवर लावलेली असते : 'येथे गेम खेळू नये.' सूचनेमागचे कारण आपल्याला पटते. यंत्रे थोडी, मुले पुष्कळ आणि तास जेमतेम पस्तीस मिनिटांचा. त्यात एखादा विद्यार्थी खेळतच बसला तर बाकीच्यांनी शिकायचे कधी? पण संगणकाचा इतिहास चाळताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. आज आपण जी साधने सहज वापरतो त्यांपैकी काहींची मुळे सरळसरळ खेळात आहेत. हे खेळ विकण्यासाठी केलेले नव्हते. ज्यांच्या हाती संगणक होता, त्यांनी तो काय काय करू शकतो हे पाहण्यासाठी, किंवा घरच्या मुलांसाठी, ते केले होते. या लेखात आपण असे तीन खेळ पाहू आणि शेवटी त्या सूचनेकडे पुन्हा वळू.

पडद्यावरचे अवकाशयुद्ध

१९६१ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजेच एमआयटी, या संस्थेला पीडीपी-१ नावाचा संगणक मिळाला. तो डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीने बनवला होता आणि त्याची किंमत सुमारे १,२०,००० डॉलर होती. त्याची मूळ स्मृती होती ४०९६ शब्दांची, प्रत्येक शब्द १८ बिटांचा. म्हणजे हिशेबाने सुमारे ९ हजार बाईट. आजच्या फोनवरच्या एका लहानशा छायाचित्रालाही याहून कितीतरी जास्त जागा लागते.

पण या यंत्राला एक गोल पडदा जोडलेला होता आणि त्यावर ठिपके उमटवता येत. संस्थेतल्या तरुणांच्या एका गटाने ठरवले की या पडद्याचे सामर्थ्य दिसेल असे काहीतरी करायचे. या गटातील बरेच जण मॉडेल रेल्वे क्लबचे सदस्य होते. स्टीव्ह रसेल याच्याकडे आज्ञावली लिहिण्याचे काम आले. तो ते लांबणीवर टाकत राहिला आणि साइन-कोसाइन काढण्याची उपआज्ञावली आपल्याकडे नाही, अशी सबब सांगू लागला. तेव्हा ॲलन कोटोक याने थेट कंपनीत जाऊन त्या उपआज्ञावलीच्या छिद्रित कागदी पट्ट्या आणून त्याच्यापुढे ठेवल्या. मग काही इलाज उरला नाही! १९६२ च्या सुरुवातीला 'स्पेसवॉर' हा खेळ चालू लागला.

खेळ सोपा होता. पडद्यावर दोन अवकाशयाने. दोन खेळाडूंनी ती वळवायची, पुढे ढकलायची आणि एकमेकांवर मारा करायचा. पण विज्ञान शिकवणाऱ्यांनी त्यातली एक बाब मुद्दाम लक्षात घ्यावी. इंजिन बंद केले तरी यान थांबत नसे, त्याच वेगाने पुढे जात राही. यानाचे तोंड फिरवले म्हणून त्याची दिशा बदलत नसे. न्यूटनचा पहिला नियम खेळाडूच्या बोटांना कळत होता.

इतरांनी त्यात भर घातली. पडद्यावरचे तारे वाटेल तसे पसरलेले होते, ते पीटर सॅमसनला खटकले. त्याने खगोलीय पंचांगातून खऱ्या ताऱ्यांची स्थाने घेऊन आकाश उभे केले, ताऱ्यांच्या तेजस्वितेतील फरकही दाखवला. डॅन एडवर्ड्सने मध्यभागी एक सूर्य ठेवला आणि त्याचे गुरुत्वाकर्षण यानांना लागू केले. गोळ्यांना मात्र ते लागू करता आले नाही, कारण तेवढे गणित करायला यंत्राकडे वेळच उरत नव्हता. यंत्रावरच्या कळा दाबून कोपर दुखू लागले, म्हणून कोटोक आणि बॉब साँडर्स यांनी रेल्वे क्लबमधल्या सुट्या भागांतून हातात धरण्याच्या नियंत्रक पेट्या तयार केल्या.

या खेळावर कोणी हक्क सांगितला नाही. कागदी पट्टीच्या प्रती ज्याला हव्या त्याला मिळत. पुढे खुद्द कंपनीचे अभियंतेच नवे यंत्र ठीक चालते की नाही हे तपासायला स्पेसवॉर चालवू लागले. त्यात नवल नाही. स्मृती, गणिती विभाग, पडदा, कळा या साऱ्यांना एकाच वेळी कामाला लावणारी दुसरी इतकी सोयीची आज्ञावली शोधून सापडली नसती.

एका खेळाचे पंचाहत्तर डॉलर

दुसरी गोष्ट न्यू जर्सीतील बेल प्रयोगशाळेची. मल्टिक्स नावाच्या एका प्रचंड संगणकप्रणालीच्या संयुक्त प्रकल्पातून ही प्रयोगशाळा १९६९ साली बाहेर पडली. त्या प्रकल्पावर काम केलेल्या केन थॉम्पसन याने त्याच सुमारास 'स्पेस ट्रॅव्हल' नावाचा खेळ लिहिला. त्यात सूर्यमालेतील प्रमुख ग्रह-उपग्रह होते आणि त्यांच्यामधून यान नेऊन कोठेतरी उतरवायचे होते. अडचण दोन प्रकारची होती. मोठ्या संगणकावर चित्र धक्के खात हले. शिवाय एक डाव खेळायचा तर संगणकाच्या वेळेचा हिशेब ७५ डॉलरपर्यंत जाई.

प्रयोगशाळेत एक जुना, फारसा वापरात नसलेला पीडीपी-७ पडून होता. त्याचा पडदा उत्तम होता. थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी खेळ त्या यंत्रावर न्यायचे ठरवले. पण यंत्र जवळजवळ कोरे होते. दशांश अपूर्णांकांचे गणित करणारी आज्ञावली त्यांना स्वतः लिहावी लागली. पडद्यावरची अक्षरे ठिपक्या-ठिपक्याने आखावी लागली आणि चुका शोधण्याची सोयही करावी लागली. हे सारे मोठ्या संगणकावर तयार करायचे, त्याची कागदी पट्टी काढायची आणि ती हातात घेऊन पीडीपी-७ पर्यंत चालत जायचे, असा क्रम होता.

या यातायातीतून पुढची पायरी सुचली. या यंत्राला स्वतःचीच साधने का असू नयेत? धारिका साठवण्याच्या पद्धतीचा आराखडा या मंडळींनी आधीच केला होता. त्याच वर्षी उन्हाळ्यात थॉम्पसनची पत्नी लहान मुलाला घेऊन काही आठवडे कॅलिफोर्नियाला गेली. त्या अवधीत त्याने प्रणालीचा गाभा, आज्ञा स्वीकारणारा भाग, मजकूर लिहिण्याचे साधन आणि यंत्रभाषेत रूपांतर करणारे साधन, प्रत्येकी सुमारे एक आठवडा देऊन लिहून काढले. हीच 'युनिक्स'ची सुरुवात.

युनिक्स केवळ खेळामुळे जन्मले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. मल्टिक्सवरचा अनुभव आणि अनेक वर्षांचा विचार त्यामागे होता. पण त्या कोऱ्या यंत्राशी दोन हात करायला लावले ते खेळाने. लिनस टोरवाल्ड्सने १९९१ मध्ये युनिक्सच्याच धर्तीवर नव्याने लिहिलेला लिनक्सचा गाभा आज प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये आहे. शिक्षकांच्या खिशातल्या फोनचे नाते असे त्या पडीक यंत्राशी पोचते.

नकाशातून निघालेली गुहा

तिसरी गोष्ट आम्हाला सर्वांत जवळची वाटते. विल क्राउदर हा मॅसॅच्युसेट्समधील बीबीएन या कंपनीत काम करत असे. ज्या जाळ्यातून पुढे इंटरनेट वाढले, त्या आर्पानेटचे सांधे सांभाळणारी यंत्रे १९६९ मध्ये या कंपनीने तयार केली आणि त्यांची आज्ञावली लिहिणाऱ्या छोट्या गटात क्राउदर होता.

त्याचा छंद होता गुहा धुंडाळण्याचा. पत्नी पॅट्रिशिया हीसुद्धा या छंदात मुरलेली. केंटकी राज्यातील गुहांमध्ये घेतलेली मोजमापे दोघे संगणकात भरत आणि त्यांवरून नकाशे काढत. फ्लिंट रिज आणि मॅमथ केव्ह ही दोन गुहाजाळी आतून जोडलेली आहेत हे १९७२ च्या सप्टेंबरमध्ये सिद्ध झाले. त्या शोधाची वाट एका अतिशय अरुंद फटीतून जात होती आणि तिच्यातून प्रथम पलीकडे गेली ती पॅट्रिशियाच.

पुढे दोघे विभक्त झाले. दोन्ही मुली वडिलांकडे येत तेव्हा त्यांना काहीतरी गंमत असावी, आणि आपला सुटलेला गुहांचा नादही वेगळ्या रूपाने पुन्हा अनुभवावा, या विचाराने क्राउदरने १९७५-७६ च्या सुमारास पीडीपी-१० संगणकावर फोर्ट्रान भाषेत एक खेळ लिहिला. त्याचे नाव 'ॲडव्हेंचर'.

यात चित्र नव्हते. संगणक तुम्ही कोठे उभे आहात ते शब्दांत सांगे. तुम्ही एक-दोन शब्दांची आज्ञा टाइप करायची : उत्तरेकडे जा, दिवा घे. मग संगणक पुढचे वर्णन छापे. संगणकाचे ज्ञान नसलेल्या मुलींनाही खेळता यावे म्हणून साध्या बोलीतल्या आज्ञा ठेवल्या होत्या. गुहा मात्र बरीचशी खरी होती. मॅमथ केव्हच्या बेडक्विल्ट नावाच्या भागावर ती बेतलेली होती.

आतली रचना शिक्षकांनी पाहण्याजोगी आहे. संगणक प्रत्येक शब्दाची फक्त पहिली पाच अक्षरे तपासत असे. याचे कारण यंत्रात होते. पीडीपी-१० चा एक शब्द ३६ बिटांचा. एका रोमन अक्षराला ७ बिट लागत. पाच अक्षरांचे ३५ झाले आणि एक बिट उरला. दुसरी बाब अशी की गुहेची माहिती आज्ञावलीत मिसळलेली नव्हती. ती वेगळ्या तक्त्यात होती : हे ठिकाण, ही आज्ञा, आणि मग पोचायचे ते ठिकाण. गुहा वाढवायची तर तक्त्यात ओळी घालायच्या.

आणि गुहा खरोखरच वाढली. क्राउदर नोकरी बदलून गेला, खेळ मात्र जाळ्यातून यंत्रायंत्रावर पसरला. १९७६ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील डॉन वुड्स या विद्यार्थ्याला तो सापडला. त्याला तो सुधारायचा होता, पण कर्त्याचा पत्ता ठाऊक नव्हता. त्याने जाळ्यावरच्या प्रत्येक यंत्रावर 'क्राउदर' या नावाने पत्र पाठवले! यंत्रे मोजकी होती म्हणून हे जमले. उत्तर आले, संमती मिळाली, आणि १९७७ मध्ये वुड्सने वाढवलेली आवृत्ती सर्वत्र पोचली. ती खेळून एमआयटीतल्या चौघांनी 'झॉर्क' लिहिला आणि असे शब्दांचे खेळ लिहिण्यासाठी पुढे नवी साधने तयार झाली.

क्राउदरची मूळ आज्ञावली हरवली असेच अनेक वर्षे मानले जात होते. २००५ मध्ये ती स्टॅनफर्डमध्ये जतन केलेल्या, वुड्सच्या विद्यार्थिदशेतील धारिकांत सापडली आणि २००७ मध्ये डेनिस जेर्झ या अभ्यासकाने खरी गुहा व आज्ञावली यांची तुलना प्रसिद्ध केली. त्या कोणी जपल्या नसत्या तर हा दुवा कायमचा तुटला असता.

झाकण उघडे होते

तिन्ही गोष्टींतील समान धागा आता दिसू लागतो. या लोकांनी खेळ खेळला एवढ्यावर भागले नाही. खेळाचे झाकण उघडे होते. आत कसे चालते ते वाचता येत होते, बदलता येत होते आणि बदललेले दुसऱ्याला देता येत होते. सॅमसनला तारे खटकले आणि त्याने ते बदलले. वुड्सला गुहा अपुरी वाटली आणि त्याने ती वाढवली. सर्न या संस्थेने ३० एप्रिल १९९३ रोजी वर्ल्ड वाइड वेबची आज्ञावली सर्वांना मोकळी केली, तेव्हा हीच परंपरा पुढे गेली. कोणत्याही वेबपानाचा मूळ मजकूर उघडून पाहता येत असे. वेबपाने घडवणाऱ्या पहिल्या पिढीतले असंख्य लोक दुसऱ्यांची पाने अशी उघडून पाहतच शिकले.

या चित्राला काळी बाजूही आहे, ती लपवू नये. ही यंत्रे श्रीमंत देशातील मोजक्या संस्थांत होती. त्यामागचा बराच पैसा संरक्षणखात्याचा होता आणि त्यांपुढे बसणारे बहुतेक पुरुषच होते. झाकण उघडे होते, पण खोलीचे दार थोड्यांनाच उघडे होते. आज नेमके उलटे झाले आहे. खेळ खेड्यातल्या मुलाच्या हातातही पोचला, पण बहुतेक खेळांचे झाकण आता पक्के बंद असते. मुलाने किती वेळ पडद्यापुढे राहावे याचा हिशेब कोणीतरी दूर बसून करतो आणि मुलाला त्या हिशेबाची गंधवार्ताही नसते. अपवाद आहेत. एमआयटीतच तयार होऊन २००७ मध्ये खुल्या झालेल्या 'स्क्रॅच'मध्ये दुसऱ्याने केलेला खेळ आतून पाहता येतो आणि स्वतःला हवा तसा बदलता येतो.

वर्गात काय करता येईल?

यासाठी संगणक नसला तरी अडत नाही. आपल्या शाळेच्या आवारातली दहा ठिकाणे निवडावीत : फाटक, पाण्याची टाकी, चिंचेचे झाड, मुख्याध्यापकांची खोली. प्रत्येक ठिकाणाचे दोन वाक्यांत वर्णन मुलांनी लिहावे. मग तक्ता करावा : येथून उत्तरेकडे गेल्यास कोठे, जिना चढल्यास कोठे. एका मुलाने 'संगणक' व्हायचे आणि फक्त तक्त्यात असेल तेच उत्तर द्यायचे. दुसऱ्याने डोळ्यांसमोर नकाशा आणत वाट काढायची. तक्त्यातली चूक लगेच उघडी पडते आणि ती दुरुस्त करण्यावरून वादही होतात. भूगोल, भाषा आणि तर्क तिन्ही एका तासात येतात. दुसऱ्या दिवशी तोच तक्ता शेजारच्या तुकडीला द्यावा आणि त्यांनी तो वाढवावा.

भिंतीवरची सूचना काढून टाकावी असे आम्ही म्हणत नाही. तिच्याखाली आणखी एक ओळ मात्र लिहावी : 'स्वतः केलेला किंवा बदललेला खेळ असल्यास गुरुजींना, बाईंना दाखवावा.'